शालनताई आणि पाठमोरा वाघ

फोटो काढणारी माणसं साधारणपणे कॅमेऱ्याच्या मागे उभी असतात. आमच्या शालनताई गायधनी भिंतीच्या मागे उभ्या असतात. भिंत नसेल तर खांब, खांब नसेल तर झाड, आणि झाडही नसेल तर आसपास जो कोणी अंगाने बरा दिसेल तो माणूस. कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर, त्याला लांबलचक वायर, वायरच्या टोकाला बटण आणि बटणासकट शालनताई आडोशाला. तिथून करड्या आवाजात हुकूम सुटतो, "श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका." मग खट्ट. मग "सोडा श्वास." आणि मग बाई पदर सारखा करत बाहेर येतात आणि म्हणतात, "आता बाजूने वळा."

तुम्ही हसाल, पण त्यात त्यांची काही चूक नाही. शालनताईंची सगळी नोकरी एका सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढण्यात गेली. बटण दाबायच्या आधी शिशाच्या पडद्यामागे जायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलंय, की घरी मिक्सर लावतानासुद्धा त्या एक पाऊल दाराबाहेर ठेवतात. मी स्वतः पाहिलंय.

आम्ही इंदिरानगरात एकाच इमारतीत राहतो. त्या तळमजल्यावर, मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. राहायला आल्यावर पहिले काही महिने बाईंनी मला ओळख म्हणून दाखवली नाही. जिन्यात मी हसायचे, त्या माझ्या खांद्याकडे बघून निघून जायच्या. मला वाटलं, शिष्ट दिसतायत. मग एकदा मी माळा आवरत होते, जुन्या पसाऱ्यात माझा कॉलेजच्या वेळचा एक्स-रे निघाला. सायकलवरून पडले होते तेव्हा सरकारी दवाखान्यात काढलेला. तो कचऱ्यात टाकायला खाली घेऊन चालले, तर शालनताईंनी वाटेत अडवला, उजेडाकडे धरला आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "अगं, हे मनगट तू होय? आधी सांगायचं नाही का!" त्या दिवसापासून आमचा घरोबा.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे एक शिक्षणच असतं. "ते बघ, उजवा खांदा चाललाय. मोटारसायकलवरून पडला होता." "निळी साडी दिसली का? पाचवी बरगडी." नाव विचारलं तर पत्ता नाही. चेहरा विचारला तर त्याहून नाही. "अर्धं नाशिक मी आतून बघितलंय," असं त्या अभिमानाने सांगतात. बाहेरून बघायचं राहूनच गेलं, असं मी एकदा गमतीने म्हटलं, तर त्या वाकून भाजी निवडू लागल्या.

आणि उत्तर द्यायचं नसलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "ते डॉक्टर सांगतील." एक्स-रे काढून झाल्यावर पेशंटने काही विचारलं तर असंच म्हणायचा दवाखान्याचा नियम होता. दवाखाना सुटला, नियम सुटला नाही. उपमा खारट झालाय का? ते डॉक्टर सांगतील. लिफ्टच्या दुरुस्तीचं काय करायचं? ते डॉक्टर सांगतील. सोसायटीच्या चेअरमननी एकदा खरोखरच विचारलं होतं, "कोण डॉक्टर? कुठल्या मजल्यावर राहतात?"

तर कॅमेऱ्याची गोष्ट.

निवृत्त झाल्यावर एका दुपारी त्या माझ्याकडे चहाला आल्या होत्या. आमचं घर नवं, हॉलमधली सोफ्यावरची भिंत रिकामी. तिच्याकडे बघत बघत त्यांनी चहा संपवला आणि म्हणाल्या, "स्मिता, मी आयुष्यभर फोटोच काढले की नाही? पण माझा एकही फोटो कुणी भिंतीवर लावला नाही."

"अहो, एक्स-रे कोण लावणार भिंतीवर?"

"तेच म्हणतेय मी. माझे फोटो लोक ट्यूबलाइटसमोर धरतात. काय दिसतंय ते कळत नाही, तरी तोंडं उतरतात. मग पाकीट कपाटावर. मग तिथून भंगारात." त्यांनी कप खाली ठेवला. "एक फोटो मला असा काढायचाय, की कुणीतरी तो आपल्या घरात लावेल आणि येताजाता बघून त्याला बरं वाटेल. एकच. जास्त नको."

मी म्हटलं, काढा की, चांगला आला तर माझ्या ह्याच भिंतीवर लावीन. बोलायला काय जातं? पण त्यांनी ते फार मनावर घेतलं. वर दम दिला, "चांगला असला तरच हं. माझ्यासाठी म्हणून लावलास तर मी स्वतः येऊन काढून नेईन. दया-बिया नको."

दुसऱ्याच दिवशी आम्ही महात्मा गांधी रोडवर कॅमेऱ्याच्या दुकानात. दुकानदाराने तासभर लेन्स, झूम, मेगापिक्सेल असं काय काय सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "ह्याच्याबरोबर शिशाचा ॲप्रन येतो का?" तो पक्का व्यापारी. पापणी न हलवता म्हणाला, "नाही मॅडम, तो वेगळा घ्यावा लागेल."

पहिला प्रयोग सोसायटीच्या गणपतीत झाला. आरतीनंतर सगळ्या बायकांचा एकत्र फोटो काढायचा ठरला. नऊवारी, नथी, ठुशा, बांगड्या, गजरे. सकाळपासून सगळ्या नटत होत्या. शालनताईंनी स्टँड लावला, सगळ्यांकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "गळ्यातलं, कानातलं, नाकातलं सगळं काढून ठेवा. धातू नको." बायकांना वाटलं, बाई गंमत करतायत. बाई गंमत करत नव्हत्या. त्यानंतर त्या रांगेत एकेकीपाशी जाऊन हळू आवाजात विचारू लागल्या, "दिवस वगैरे नाहीत ना?" सत्तरी ओलांडलेल्या कुलकर्णी काकूंनाही विचारलं. काकू आधी लाजल्या, मग चिडल्या, आणि मग दोन दिवस सगळ्या इमारतीला तेच सांगत सुटल्या, तेव्हा चिडल्या होत्या असं काही वाटेना.

फोटो शेवटी निघाला. त्यात सगळ्या बायका पाठमोऱ्या होत्या.

"छातीचा फोटो पाठीमागूनच काढतात," शालनताई म्हणाल्या. "हृदय नीट दिसतं."

आता मला सांगा, हृदय कुणाला बघायचं होतं? नथी बघायच्या होत्या. त्यानंतर इमारतीत एकही माणूस त्यांच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहीना. लहान पोरंसुद्धा त्यांना बघून खिसे रिकामे करायची आणि पळायची.

"माणसं जाऊ देत," बाई म्हणाल्या. "मी जनावरांचे काढते. त्यांच्या अंगावर दागिने नसतात."

पण असतात. पाथर्डीच्या बाजूला एका गोठ्यात आम्ही म्हशीचा फोटो काढायला गेलो, तर म्हशीच्या गळ्यात घंटा. झालं. मालक बिचारा भला माणूस, त्याने घंटा काढली. मग बाईंनी म्हशीला श्वास रोखायला सांगितलं. म्हशीने शेपटी मारली. तीनदा सांगून झालं, तेव्हा मालक मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, ती नाय ऐकायची. ती माझंबी ऐकत नाय. पण तुमच्या ह्या बाई लय मायेनं बोलतात बघा तिच्याशी." मला तर त्यात हुकूमच ऐकू येत होता. त्याला माया कुठे दिसली, देव जाणे.

मांजर झालं, घाटावरची गाढवं झाली, त्र्यंबकच्या रस्त्यावरची माकडं झाली. माकडांनी वायर कुरतडली. एकही फोटो माझ्या भिंतीच्या जवळपास फिरकण्यासारखा नव्हता. बाई प्रत्येक फोटो मला दाखवायच्या, मी "हं" म्हणायचे, आणि त्या मुकाट्याने कॅमेरा बंद करायच्या. पिशवीची चेन लावताना त्यांचे हात जरा जास्तच वेळ घ्यायचे. ते मला बघवायचं नाही.

मग एक दिवस त्यांनीच विषय काढला, "वाघ पाहिजे. भिंतीवर वाघच शोभेल."

आता आमच्या नाशकात द्राक्षं आहेत, कांदे आहेत, देवळालीला तोफा आहेत, पण प्राणिसंग्रहालय म्हणावं असं नाही. बिबटे आहेत. ते अधूनमधून स्वतः होऊन आपल्याला बघायला येतात, कुणाच्या जिन्यात, कुणाच्या मोटारीखाली. पण ते काही आधी कळवून येत नाहीत, आणि आले की श्वास आपलाच रोखला जातो. तेव्हा वाघासाठी पुण्याला जायचं ठरलं. ठरलं म्हणजे, गाडी माझी, पेट्रोल माझं आणि सुट्टीही माझी. माझा नवरा सुहास तेवढा म्हणाला, "मी घर सांभाळतो." घर काय पळून जाणार होतं?

पहाटे निघालो. सिन्नर गेलं, संगमनेर गेलं, आणि सबंध रस्ताभर बाई समोरच्या मोटारसायकलवाल्यांकडे बघून हाडांची नावं घेत होत्या. "हेल्मेट नाही. कवटी." "तिघं एकावर. मांडी, मांडी, कॉलरबोन." नारायणगावपर्यंत मी इतकी घाबरले होते, की गाडी सायकलच्या वेगाने चालवत होते.

प्राणिसंग्रहालयात पाऊल टाकलं आणि बाईंचं वय निम्म्याने उतरलं. खरंच सांगते. शाळेची सहल आलेली होती, त्या पोरांच्याही पुढे पुढे स्टँड खांद्यावर टाकून चालल्या होत्या. पहिल्यांदा मगर. मगर दगडासारखी पडून. शालनताईंनी झाडामागून हुकूम दिला, "श्वास घ्या. रोखून धरा," आणि मगर आधीपासूनच सगळं करून बसलेली. बाई भारावून गेल्या. "असा पेशंट मला अख्ख्या नोकरीत मिळाला नाही गं." समोरून काढला, बाजूने काढला. फोटोत चिखल आला होता. मगर त्यात कुठे होती ते बाईंनी मला बोटाने दाखवलं, तरी दिसली नाही.

अजगराच्या काचेसमोर तर त्यांनी हात जोडले. "काय मणका आहे. नुसता मणकाच आहे." मागे खोळंबलेली एक बाई आपल्या मुलाला म्हणाली, "बघ, त्या आजी नमस्कार करतायत, तू पण कर." मग मागच्या सगळ्या रांगेने अजगराला नमस्कार केला. हत्ती बघून मात्र त्या हिरमुसल्या. "ह्याला फिल्म कुठली पुरायची?" आणि हत्ती सारखा डुलत होता. "हलू नका म्हटलं ना," त्यांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा शेजारचे एक आजोबा स्वतःच ताठ उभे राहिले.

आणि मग वाघ.

खंदकापलीकडे, बांबूच्या सावलीत, मोठा, पिवळाधमक. कठड्याला ही गर्दी. शालनताईंनी गर्दीत स्टँड रोवला, वायर सोडली आणि मागे लावलेल्या माहितीच्या मोठ्या फलकाआड गेल्या. आतून आवाज आला. दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तसा.

"श्वास घ्या."

काय सांगू तुम्हाला. कठड्याला उभ्या असलेल्या सगळ्या माणसांनी श्वास घेतला.

"रोखून धरा. हलू नका."

सगळ्यांनी रोखला. बाया, बाप्ये, शाळेची अख्खी सहल, त्यांच्या बाई, भेळेचा कागद तोंडापर्यंत नेलेला एक माणूस, सगळे जागच्या जागी. इतकं शांत झालं, की बांबूची पानं ऐकू येत होती. त्या शांततेचंच नवल वाटून वाघ उठला. त्याने एकदा आमच्याकडे बघितलं. काय नजर होती ती! अख्ख्या दिवसात असा क्षण पुन्हा येणार नव्हता. मी मनात म्हटलं, दाबा, शालनताई, आता दाबा.

शालनताई दाबेनात. वाघ सावकाश वळला, आमच्याकडे पाठ केली, शेपूट उचलली आणि चालू लागला. तेव्हा खट्ट वाजलं.

इथे एक घोटाळा झाला. बाई आनंदाच्या भरात फलकाआडून बाहेर आल्या, थेट कॅमेऱ्याशी गेल्या आणि "सोडा श्वास" म्हणायचं विसरल्या. इकडे लोक तसेच. भेळवाला माणूस लालबुंद झाला होता. पोरांचे गाल फुगलेले. शेवटी मीच ओरडले, "अहो, सोडा!" आणि सगळ्या कठड्याने एकदम असा उसासा टाकला, की वाघ पळत गुहेत गेला.

तिथला एक रखवालदार धावत आला. "काय चाललंय काय ताई?" शालनताईंनी त्याला गप्प करणाराच प्रश्न विचारला, "वाघीण असेल तर सांगा, गाभण नाही ना?" तो गोंधळला. म्हणाला, "नाही, हा नर आहे." "मग हरकत नाही," बाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या. त्या डॉक्टर असाव्यात असं समजून तो बराच वेळ आमच्या मागेमागे पाण्याची बाटली घेऊन फिरला.

दुपार कलल्यावर आम्ही एका बाकावर टेकलो. समोर अस्वलाचा खंदक. अस्वल दिवसभर सावलीत, पाठ करून झोपलेलं, म्हणून बाईंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. मी चिवड्याची पुडी सोडली. त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि मी एकेक फोटो बघू लागले.

वाघ, पाठमोरा. हरिण, पाठमोरं. सांबर, पाठमोरं. बिबट्याची शेपूट. मोर, पिसारा मिटून चाललेला, पाठमोरा. कोल्ह्याचा मागचा पाय. हत्तीचं तेवढं सगळं मागचं अंग आलं होतं. मी शेवटपर्यंत गेले आणि उलटी परत आले. हसू दाबत होते, आणि मग हसू येईनासं झालं. एवढं पुण्यापर्यंत येऊन, एवढ्या हौसेने, आणि भिंतीवर लावण्यासारखं काहीच नाही. आता हे सांगायचं कसं?

शालनताई बाकाच्या अगदी कडेला बसल्या होत्या. हातात पिशवी घट्ट धरलेली. जरा पुढे वाकून म्हणाल्या, "काय गं, काही निघालं का?"

आणि बोलून त्या एकदम थांबल्या. पिशवीवरचा हात तसाच राहिला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, अगदी हळू. "हे असंच विचारायचे गं सगळे. शर्टाची बटणं लावता लावता. ताई, काही निघालं का?"

मी कॅमेरा मांडीवर ठेवला.

"फिल्म धुऊन निघाली की सगळ्यात आधी मला दिसायचं. डॉक्टरांच्याही आधी. इतक्या वर्षांनी कळायला लागतंच की. पण सांगायचं नाही. नियम." त्या समोर झोपलेल्या अस्वलाकडे बघत बोलत होत्या. "मखमलाबादचा एक माळी यायचा. झेंडू लावायचा. खोकल्याचा पेशंट. दर वेळी कागदात दोन-चार फुलं बांधून आणायचा माझ्यासाठी. शेवटच्या वेळी फिल्म बघितली आणि काय ते कळलं मला. बाहेर आले तर त्याने विचारलं. मी म्हटलं, ते डॉक्टर सांगतील. तर म्हणाला, ताई, तुम्ही दर वेळेला माझ्या तोंडाकडं बघून हसता. आज चपलांकडं बघून बोललात. समजलं मला."

त्यांनी पिशवीची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

"त्यानंतर मी कुणाच्याच तोंडाकडे बघितलं नाही, स्मिता. ज्याचं चांगलं निघायचं, त्याच्याही नाही. एकाकडे बघायचं आणि एकाकडे नाही, म्हणजे लगेच कळणार ना त्याला. मग सगळेच खांदे आणि बरगड्या. सवय लागली." त्यांनी नाक पुसलं. "आज वाघ वळला होता ना समोर? मला फटीतून दिसला होता. माझं बटण दाबलंच गेलं नाही. त्याने पाठ केली तेव्हा बरं वाटलं."

मला एकदम त्यांना कुशीत घ्यावंसं वाटलं. पण आम्ही दोघी काही तशातल्या नाही. मी चिवड्याची पुडी त्यांच्या पुढे केली आणि म्हटलं, "शालनताई, नाही निघालं काही. एकही नाही." हे सांगताना मी मुद्दाम त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मान वर करून त्यांनीही बघितलं माझ्याकडे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्यांचे डोळे कसे आहेत ते कळलं. घारे आहेत.

"बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या आणि चिवडा खाऊ लागल्या.

तेवढ्यात पलीकडे अस्वल जागं झालं. चिवड्याचा वास गेला असेल, किंवा झोप पुरी झाली असेल. ते हलतडुलत खंदकाच्या कडेला आलं आणि आमच्या बरोबर समोर, दोन्ही पाय पसरून, मातीत बसलं. जेवणाला अजून उशीर आहे असं कुणीतरी सांगितल्यासारखं तोंड. केस चहूकडे पिंजारलेले. खालचा ओठ लोंबलेला. आणि ते सरळ शालनताईंकडे बघत राहिलं.

शालनताईंनी स्टँड उघडला नाही. वायर पिशवीतच होती. आडोसाही शोधला नाही. माझ्या मांडीवरचा कॅमेरा त्यांनी उचलला आणि डोळ्याला लावला. दोघंही एकमेकांकडे बघत होती, अस्वलाला घाई नव्हती आणि बाईंनाही. श्वास घ्या म्हणाल्या नाहीत, रोखा म्हणाल्या नाहीत. अस्वलाने मोठ्ठी जांभई द्यायला सुरुवात केली, ती अर्ध्यावर सोडली, आणि खट्ट झालं.

फोटो वाकडा आलाय. एक कान कापला गेलाय. पण असं तोंड तुम्ही कधी बघितलं नसेल. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी बाकावरच इतकी हसले, की तो पाण्याची बाटलीवाला रखवालदार पुन्हा धावत आला.

आता तो माझ्या हॉलमध्ये आहे. मोठा करून, चौकट करून. लावला त्या दिवशी बाईंनी माझी कसून उलटतपासणी केली, दया म्हणून तर नाही ना लावलास? मी म्हटलं, दया करायला घरात सुहास आहे. सुहास फोटोसमोर उभा राहून म्हणाला, "हा तुझ्या माहेरचा का?" आणि ऑफिसला जाताना रोज त्याला नमस्कार करून जातो.

शालनताई आता रोज संध्याकाळी वर येतात. सोफ्यावर, बरोबर अस्वलाच्या खाली बसतात, त्याच्याकडे पाठ करून. मी एकदा म्हटलं, "अहो, इकडे खुर्चीत बसा, तिथून तुम्हाला तुमचा फोटो दिसतच नाही." तर म्हणाल्या, "मला कशाला दिसायला हवा?"

परवा चहा चालू असताना गॅसवाला आला. नेहमीचाच, अबोल, कपाळाला आठ्या. सिलिंडर आत ठेवला, घाम पुसला, पावतीसाठी थांबला आणि सहज वर बघितलं. बघतच राहिला. आठ्या हळूहळू गेल्या आणि गडी स्वतःशीच हसायला लागला. जाताना दारातून वळून अजून एकदा बघितलं, अजून एकदा हसला.

शालनताईंचा कप हातातच होता. त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, सरळ, टक लावून. तो जिना उतरून गेला तरी दाराकडेच बघत राहिल्या. चहावर साय धरली.

"पुढचा दात जरासा वाकडा आहे गं त्याचा," त्या म्हणाल्या. "हसला की छान दिसतो."

मी म्हटलं, मी कधी लक्ष दिलं नाही.

त्यांनी गार चहा एका घोटात संपवला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "स्मिता, पुढचा सिलिंडर कधी मागवणार तू?"